डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल किटमधून बांधताना आणि रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय डिझेल इंजिनाचं मॉडेल बनवायचं म्हटलं की दहापैकी आठ जण ‘अल्को’पासूनच सुरुवात करतात. साहजिकच आहे. अमेरिकन अल्को कंपनीची पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ मध्ये आली, १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये तयार होऊ लागली, आणि पुढची कित्येक दशकं आपण फलाटावर उभं राहून त्यांचाच धडधडाट ऐकला. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं एचओ म्हणजे १:८७ प्रमाणाच्या किटला धरून दिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी अगदी नवखा आहे. किटच्या खोक्यात नक्की काय येतं, आणि काय येत नाही?

बहुतेक किटमध्ये रेझिनमध्ये ओतलेली किंवा थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी असते. सोबत पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग (जाळ्या, पायऱ्या, वायपर), बोगीच्या बाजूच्या चौकटी आणि नशीब चांगलं असेल तर अक्षरांचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं). इथे बोगी म्हणजे प्रवाशांचा डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट.

मोटर, गिअर, चाकं, डिकोडर (रुळातून येणाऱ्या डिजिटल आज्ञा समजणारी चिप), दिवे, रंग, डिंक यांतलं काही सहसा नसतं. त्यामुळे किटची किंमत म्हणजे इंजिनाची किंमत नव्हे. चालतं चॅसी (मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा) वेगळं घ्यावं लागतं आणि बऱ्याचदा तेच किटपेक्षा महाग पडतं. परदेशातून मागवत असाल तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी आधीच हिशोबात धरा.

२. पहिलंच किट डब्ल्यूडीएम-२ चं घेऊ, की आधी काहीतरी सोपं करून बघू?

हात बसण्यासाठी एखादं स्वस्त प्लॅस्टिक किट आधी करावं, असं माझं मत. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने काढलेलं आणि नंतर डापोलकडे आलेलं ड्रुअरी डिझेल शंटरचं किट त्यासाठी उत्तम आहे. ते १:७६ प्रमाणात आहे, त्यात मोटर नाही आणि भारताशी त्याचा काही संबंध नाही. पण कानस चालवणं, सांधे भरणं, मास्किंग टेप लावणं हे सगळं त्यावर शिकून होतं, आणि बिघडलं तरी जीव हळहळत नाही. रेझिनच्या बॉडीवर पहिल्यांदाच कटर चालवणं मात्र जिवावर येतं.

तेही नको असेल तर निदान रंगाचा सराव जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यावर करा. थेट बॉडीवर नको.

३. आपला ब्रॉडगेज आणि एचओचा रूळ जुळतो का? काही जण म्हणतात की इंजिन ‘अरुंद पायांचं’ दिसतं.

जुळत नाही, आणि म्हणणारे बरोबर आहेत.

एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. ते १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचं १:८७ रूप आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. १:८७ मध्ये तो १९.२ मिमी व्हायला हवा. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. कागदावर तो किरकोळ वाटतो, पण इंजिनासमोर डोळा रुळाच्या पातळीवर आणलात की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. बॉडीची रुंदी मुळात सुमारे २.८६ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ३३ मिमी. तेवढी रुंद पेटी १६.५ मिमीच्या रुळावर उभी राहिली की तोल गेल्याचा भास होतो.

यावर लोक तीन वाटा काढतात. पहिली, डोळेझाक. भारतीय मॉडेल बनवणारे बहुतेक जण हीच वाट धरतात, कारण १६.५ मिमीचा तयार रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), डबे सगळं बाजारात मिळतं. बोगीच्या बाजूच्या चौकटी थोड्या बाहेर बसवल्या की बाजूने पाहताना फरक जवळजवळ लपतो. समोरून मात्र लपत नाही.

दुसरी, १९.२ मिमीचा रूळ स्वतः टाकायचा. त्यासाठी चाकांचे आस लांब करणं, स्लीपरवर रूळ हाताने बसवणं, सांधे स्वतः बनवणं आलं. ब्रिटनमध्ये ४ मिमी प्रमाणात (एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६) काम करणारे काही हौशी १८.८३ मिमीच्या रुळावर हेच करतात. त्यांची गेज मोजणारी अवजारं आपल्या अंतरासाठी थेट चालत नाहीत, पण पद्धत तीच. एकट्यादुकट्या शोकेसच्या मॉडेलसाठी हे जमण्यासारखं आहे. अख्ख्या लेआउटसाठी करायचं तर वय आणि संयम दोन्ही हाताशी हवेत.

तिसरी वाट मला सगळ्यात गोड वाटते, पण तिच्यासाठी इंजिनच बदलावं लागतं: नॅरोगेज. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या ‘शकुंतले’चा गेज ७६२ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये ८.७६ मिमी. बाजारात मिळणारा ९ मिमीचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. जुन्या बार्शी लाइटचा गेजही हाच. नेरळ–माथेरानचा गेज ६१० मिमी आहे. त्याला ९ मिमीचा रूळ १:८७ मध्ये रुंद पडतो, १:७६ मध्ये थोडा जवळ येतो.

४. चॅसी कोणतं घ्यायचं? कुठलंही सहा आसांचं चालेल का?

चालेल, पण दिसणार नाही. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगी अल्कोच्या ‘ट्रायमाउंट’ धाटणीच्या आहेत. तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात. समान अंतराच्या बोगीवर ट्रायमाउंटची चौकट चिकटवली की चाक एकीकडे आणि चौकटीतली आसपेटी दुसरीकडे, असा प्रकार होतो.

म्हणून अमेरिकन अल्को इंजिनांच्या मॉडेलचं चॅसी शोधा. अ‍ॅटलसच्या आरएसडी-४/५ आणि आरएसडी-१२ या मॉडेलांना ट्रायमाउंट बोगी आहेत. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी सुमारे १७.१२ मीटर, म्हणजे एचओमध्ये १९७ मिमीच्या आसपास, आणि आरएसडी-४/५ त्याच्या बरंच जवळ जातं. तरीही विकत घेण्याआधी दोन्ही बोगींच्या केंद्रांमधलं अंतर किटच्या आराखड्याशी ताडून बघा. चाकांच्या व्यासात थोडी तडजोड करावी लागते. आपल्या इंजिनाचं चाक १,०९२ मिमीचं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा मिमी. अमेरिकन मॉडेलचं चाक ४० इंची मापाचं, म्हणजे पावणेबारा मिमीच्या आत. पाऊण-एक मिलिमीटरचा हा फरक सोडून द्यावा. बॉडीची उंची मात्र त्यानुसार जुळवून घ्या (प्रश्न ५).

जुनं, दिवे फुटलेलं, बॉडीला तडा गेलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तर उत्तमच. तुम्हाला त्याचं वरचं टरफल लागणारच नाही.

५. आधी बॉडी पूर्ण करू की चॅसी? बॉडी करायची घाई झाली आहे.

चॅसी. बॉडी सुरेख रंगवून झाल्यावर आतून मोटर घासते असं लक्षात आलं, तर कानस त्या रंगावरूनच फिरवावी लागते.

क्रम असा ठेवा. चॅसी रुळावर नुसतं चालवा, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, मध्यम वेगात. मग कच्ची बॉडी वर ठेवा आणि दोन गोष्टी मोजा. रुळाच्या माथ्यापासून बफरच्या (टोकाला धक्के झेलणाऱ्या गोल थाळीच्या) मध्यापर्यंत सुमारे साडेबारा मिमी यायला हवेत. आणि सगळ्यात तीव्र वळणावर बोगी फिरताना पायऱ्यांना, इंधनटाकीला किंवा एअर टाक्यांना अडता कामा नये. अडत असतील तर बॉडीची आतली बाजू आत्ताच घासा. बॉडी स्क्रूने बसेल अशी सोय करा, चिकटवू नका. डिकोडर कधी ना कधी बदलावा लागतो.

वजनाचाही विचार इथेच करायचा. रेझिनची बॉडी हलकी असते. शिशाच्या पट्ट्या किंवा मासेमारीच्या गळाची वजनं आत टाकताना इंजिनाचा तोल दोन्ही बोगींच्या बरोबर मध्ये येईल असं बघा. बोटावर तोलून पाहिलं तरी कळतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि उघडं शिसं आत ठेवू नका, टेपने गुंडाळा.

६. बॉडी खोक्यातून काढली तर मधून वाकलेली आहे. परत पाठवू का?

आधी गरम पाणी करून बघा. साधारण ६०–७० अंशांच्या पाण्यात बॉडी मिनिटभर बुडवली की रेझिन मऊ पडतं. सपाट काचेवर हाताने दाबून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. उकळतं पाणी नको, पातळ कडा गुंडाळल्या जातात. थ्रीडी प्रिंटच्या बाबतीत हे हलक्या हाताने आणि थोड्या-थोड्या वेळाने करा. काही प्रकारच्या प्रिंटला चिरा पडतात.

बॉडी सरळ असो वा नसो, धुवायची तर आहेच. साच्यातून सहज निघावं म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर राहतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. त्यानंतर बॉडीला तेलकट बोटं लागू देऊ नका.

थ्रीडी प्रिंटवर आडव्या रेषा दिसतात, विशेषतः छताच्या गोलाईवर. ४००, मग ६००, मग १००० नंबरचा वॉटर पेपर, तोही ओलाच. रेझिनची धूळ फुफ्फुसांसाठी वाईट असते, म्हणून कोरडं घासू नका आणि मास्क लावा. रिव्हेट आणि दारांच्या बिजागऱ्यांजवळ पेपर न्यायचाच नाही.

७. फेव्हिक्विक चालतं का, की वेगळा डिंक लागतो?

रेझिनवर प्लॅस्टिक किटचा द्रव डिंक काहीच करत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, आणि रेझिन त्यात विरघळत नाही. बारीक भागांना फेव्हिक्विकसारखा सायनो डिंक, आणि ज्यावर जोर येणार (बफरबीम, कपलिंगची पेटी, वजनं) तिथे अ‍ॅरल्डाइटसारखी दोन नळ्यांची इपॉक्सी.

सायनो थेट नळीतून टाकू नका. काचेच्या तुकड्यावर एक थेंब घ्या आणि टाचणीच्या टोकाने लावा. खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्यांना सायनो कधीच लावू नका. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

८. पितळेचे भाग डाग देऊन जोडायचे की चिकटवायचे?

ज्याला हात लागणार तो भाग डागाने, नुसता दिसायचा भाग डिंकाने. पायऱ्या, रेलगार्ड आणि वळवून केलेल्या पेट्या डागाने जोडल्या की टिकतात. २५ ते ४० वॅटची डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), ६०/४० चं सोल्डर आणि फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) एवढं पुरेसं आहे. जोडायच्या जागा आधी बारीक पेपरने चकचकीत करा. पत्रा वाकवायची जी रेघ अर्धवट कोरलेली असते, ती दुमडीच्या आतल्या बाजूला येते. एकदाच वाकवा, दोनदा मागेपुढे केलं की तुटतं. काम झाल्यावर फ्लक्स नीट धुवा. राहिलेला फ्लक्स रंगाखाली हिरवट डाग म्हणून काही महिन्यांनी उगवतो.

९. हँडरेलची तार किती जाडीची घ्यायची?

०.४ मिमीची पितळी. खऱ्या मापात ती ३५ मिमी होते, म्हणजे नळीच्या जाडीची. गिटारची तार सरळ असते, पण कडक. वळवताना हट्ट करते आणि कापताना पक्कडीची धार जाते. टेलिफोनच्या वायरमधलं तांबं फार मऊ. एकदा बोट लागलं की कायमचं वाकतं.

भोकं आधी टाचणीने खूण करून, मग हाताने फिरवायच्या ड्रिलने पाडा. कार्डाची एक पट्टी कापून तार आणि बॉडी यांमध्ये ठेवा. सगळीकडे अंतर सारखं येतं. रंगाच्या दृष्टीने हँडरेल शेवटी बसवलेली बरी, पण भोकं प्रायमरच्या आधीच पाडून ठेवा.

१०. एअरब्रश नाही. डबी आणि ब्रशने काम होईल का? आणि रंग कोणता घेऊ?

ब्रशने छोटे भाग होतात. बॉडीवर ब्रशच्या रेघा दिसतातच, कारण लाँग हूडच्या (केबिनच्या एका बाजूच्या लांब पेटीच्या) बाजू सपाट आणि मोठ्या आहेत. स्प्रे कॅनने चांगलं काम होतं. फवारण्याआधी कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा, म्हणजे फवारा बारीक येतो. एअरब्रश असेल तर ०.३ मिमीची नोझल आणि १५–२० पीएसआय दाब.

रंगासाठी आपल्याकडे एक मोठी सोय आहे: गाड्यांच्या रंगाची दुकानं. नमुना दाखवलात तर ते ड्युको रंग छोट्या प्रमाणात मिसळून देतात. दुकानात कागदावरचा रंग बघून घासाघीस करायला मजा येते. पण त्या रंगात जे एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पडतं, ते पॉलिस्टायरीन वितळवतं. रेझिनच्या बॉडीवर प्रायमर लावून ड्युको चालतो. प्लॅस्टिक शीटने केलेले भाग असतील तर आधी आतल्या कोपऱ्यात एक ठिपका देऊन अर्धा तास बघा. मॉडेलसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग महाग, पण निर्धोक.

प्रायमर राखाडीच घ्या. ओरखडे, बुडबुड्यांची छिद्रं, न भरलेले सांधे, सगळं राखाडीवर उघडं पडतं. पुट्टी भरा, घासा, पुन्हा प्रायमर. रंग बिघडला अशी जी तक्रार येते, तिचं मूळ बहुतेक वेळा याच टप्प्यात असतं.

११. दोन रंग आणि मध्ये पट्टा आहे. कोणता रंग आधी, आणि टेपखालून रंग पाझरतो त्याचं काय?

फिकट आधी, गडद नंतर. क्रीम पट्टा असेल तर त्या भागावर आधी क्रीम मारा आणि किमान एक दिवस वाळू द्या. मग पट्ट्याच्या मापाची टेप लावून बाकीचा रंग मारा.

पाझर थांबवायला एक जुनी युक्ती आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर पुन्हा क्रीमचाच पातळ थर मारा. जे पाझरायचं ते क्रीमच पाझरतं आणि फट बंद होते. त्यावर गडद रंग. दारांच्या बिजागऱ्यांवरून टेप जाते तिथे दात कोरायच्या काडीने ती खाचेत दाबून बसवा. टेप काढताना स्वतःवरच उलटी वळवून, तिरकी ओढा, आणि रंग दगडासारखा कडक व्हायच्या आत. हार्डवेअरच्या दुकानातली खरबरीत टेप फक्त मोठे भाग झाकायला वापरा, कडेला नाही.

१२. पावसाळ्यात रंग मारला तर वर पांढरट, दुधी थर आला. रंग खराब होता का?

रंगाचा दोष नाही, हवेचा आहे. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये लॅकर आणि ड्युकोला हे हमखास होतं. अ‍ॅक्रिलिकला कमी.

पाऊस थांबून दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की दुपारी काम करा. घाई असेल तर उशिरा उडणारं थिनर, ज्याला दुकानात रिटार्डर म्हणतात, ते थोडं मिसळा. आलेला दुधी थर बऱ्याचदा त्याच थिनरचा एक पातळ फवारा कोरड्या दिवशी मारला की निघून जातो. नाही गेला तर प्रश्न १९ पहा. वाळायला ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत त्या फुकट येतात.

१३. डब्ल्यूडीएम-२ चा ‘खरा’ रंग कोणता? इंटरनेटवर प्रत्येक फोटो वेगळा दिसतो.

कारण इंजिनंच वेगवेगळी रंगवलेली होती. डिझेल शेड आपापल्या रंगसंगती ठेवत, त्या बदलत, आणि एका शेडचं इंजिन दुसरीकडे गेलं की तिथल्या रंगात जाई. कधी जुन्या रंगातच वर्षानुवर्षं फिरे. म्हणून ‘कल्याणचा रंग’ किंवा ‘पुण्याचा रंग’ असं शोधू नका. एक क्रमांक ठरवा आणि एक वर्ष ठरवा. त्या क्रमांकाचा त्या वर्षाचा दोन्ही बाजूंचा फोटो मिळाला तरच ते इंजिन हाती घ्या. एकाच बाजूचा फोटो असेल तर दुसरी बाजू तुमच्या कल्पनेची होईल.

फोटोमधला रंग हुबेहूब उचलू नका. सकाळच्या उन्हातला निळा आणि दुपारच्या ढगातला निळा वेगळे दिसतात. शिवाय १:८७ च्या मॉडेलवर खरा रंग जरा जास्तच गडद भासतो. मूळ छटेत थोडं पांढरं मिसळलं की ते बरोबर दिसतं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८०४० हे इंजिन आहे. मॉडेल चालताना पाहायची असतील तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. माप घ्यायला किंवा फोटोसाठी रुळांत मात्र उतरू नका. धोका आहेच, आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हाही आहे.

१४. किट डब्ल्यूडीएम-२ चं आहे, पण मला लहानपणी पाहिलेलं डब्ल्यूडीएम-३ए (थ्रीए) किंवा डब्ल्यूडीएम-३डी हवंय. जमेल का?

थ्रीए जमेल. डब्ल्यूडीएम-२ ची ताकद २,६०० अश्वशक्ती आणि थ्रीएची ३,१००. अनेक थ्रीए ही जुन्या डब्ल्यूडीएम-२ चीच नव्याने बांधलेली रूपं आहेत, म्हणून बाहेरून पेटी बरीचशी तीच. पुनर्बांधणी झालेल्या अनेक इंजिनांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘आर’ दिसतो. फरक पडतो तो बारीक गोष्टींत: डायनॅमिक ब्रेकच्या जाळ्या आहेत की नाहीत आणि कुठे आहेत, हेडलाइट कोणत्या प्रकारचा, खिडक्यांवर जाळी आहे का. यासाठी पुन्हा तुमच्या क्रमांकाचा फोटो (प्रश्न १३).

डब्ल्यूडीएम-३डीला सहसा ट्रायमाउंट नव्हे, तर वेगळ्या धाटणीच्या हाय अ‍ॅडहीजन (रुळाला जास्त घट्ट धरणाऱ्या) बोगी असतात. त्यामुळे चॅसीपासूनच वेगळा विचार करावा लागतो. ‘जंबो’ हा डब्ल्यूडीएम-२ चा प्रकारही या किटमधून सहज होत नाही. त्याचा शॉर्ट हूड (केबिनच्या दुसऱ्या बाजूची आखूड पेटी) बुटका आणि पुढच्या काचा मोठ्या असतात. म्हणजे केबिनचं अख्खं तोंडच कापून नव्याने बांधायला हवं.

१५. देवनागरी अक्षरांचे डेकल घरच्या प्रिंटरवर काढता येतील का?

गडद अक्षरं फिकट रंगावर हवी असतील तर हो. पारदर्शक डेकल पेपरवर इंकजेटने छापा, वाळू द्या आणि वरून क्लिअर लॅकरचे दोन पातळ थर मारा. नाहीतर पाण्यात शाई वाहून जाईल.

अडचण पांढऱ्या किंवा पिवळ्या अक्षरांची आहे, आणि इंजिनावर तीच जास्त असतात. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पांढऱ्या डेकल पेपरवर अक्षराभोवती बॉडीचा रंग छापून पाहता येतं. पण छापलेला रंग आणि मारलेला रंग जुळणं दुर्मीळ. पांढरा टोनर असलेल्या प्रिंटरवर छापून घेणं हाच खरा उपाय.

छपाईला फाइल देण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून द्या. नाहीतर दुकानातल्या संगणकावर फॉन्ट नसतो आणि ‘मध्य रेल’चा ‘ध्य’ तुटून पाय मोडलेला ‘ध’ आणि सुटा ‘य’ होतो. मापाचा हिशोब सोपा आहे. मूळ अक्षर २०० मिमी उंच असेल तर मॉडेलवर २.३ मिमी. या उंचीवर मात्रा आणि अनुस्वार भरून येतात, म्हणून जाड फॉन्ट टाळा.

१६. डेकल लावल्यावर कडेला चंदेरी चमक दिसते. कशी घालवू?

डेकलखाली हवा अडकली आहे. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, म्हणून डेकल लावण्याआधी तिथे ग्लॉस क्लिअर मारायचा. लावून झालेल्या डेकलला टाचणीने दोन-चार भोकं पाडा आणि वरून डेकल मऊ करणारं द्रावण लावा. ते सुरकुतेल, घाबरून बोट लावू नका, वाळताना आपोआप बसतं. सगळं झाल्यावर अख्ख्या बॉडीवर मॅट किंवा सॅटिन.

१७. इंजिन नवंकोरं दिसतंय, खेळण्यासारखं. जुनं कसं करायचं?

अल्कोला काजळी शोभते. वेग द्यायला थ्रॉटल उघडला की इंधन लगेच वाढतं, पण टर्बोचार्जरला फिरायला क्षणभर वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा धूर उठतो. म्हणून धुराड्याभोवतीचं छत काळं, आणि ते काळं गोल डागासारखं नव्हे, तर गाडी धावते त्या दिशेने मागे ओढलेलं. मॅट काळा फार पातळ करून, लांबून, दोन-तीन फेऱ्यांत.

बोगींवर ब्रेकच्या घर्षणाची तांबूस-तपकिरी धूळ. इंधनटाकीच्या तोंडाखाली चकचकीत ओघळ, कारण डिझेल सांडलेलं ओलं दिसतं. कोळशासारखे सुके खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशने लावा. कोकण रेल्वेचं इंजिन करत असाल (२०२२ मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत तिथे डिझेलचंच राज्य होतं), तर खालच्या भागाला जांभ्या मातीचा लालसर हात द्या. पावसाळ्यातलं करत असाल तर धूळ कमी, ओघळ जास्त.

फोटोत दिसतं त्याच्या निम्म्यावर थांबा. आणखी घालता येतं, काढता येत नाही.

१८. सरळ रुळावर छान चालतं, वळणावर घसरतं. आणि बफर-कपलिंगचं काय करायचं?

सहा आसांच्या इंजिनाला १८ इंच त्रिज्येचं वळण म्हणजे अगदी टोकाची मर्यादा. २२ इंच किंवा जास्त असेल तर निम्म्या तक्रारी संपतात. तेवढी जागा नसेल तर पायऱ्या आणि रेलगार्डची आतली बाजू पुन्हा तपासा (प्रश्न ५). नंतर बोगीच्या बाजूच्या चौकटी चाकाला टेकत नाहीत ना, ते बघा. रंगाचा एक जाड थरसुद्धा पुरतो. चाकांच्या कडांना आणि वीज घेणाऱ्या पट्ट्यांना रंग लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

बफरांच्या मध्यांमधलं अंतर आपल्याकडे सुमारे १,९५६ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबावीस. युरोपियन बफरचं २० च्या आसपास. म्हणून युरोपियन किटचा तयार बफरबीम आणून लावू नका. नुसते बफर घ्या. तीव्र वळणावर बफर एकमेकांत अडकू नयेत म्हणून चालत्या मॉडेलमध्ये नकल कपलर (गाडी जोडायचा आकडा) थोडा पुढे काढावा लागतो. शोकेसमध्ये उभं राहणार असेल तर एका टोकाला पूर्ण तपशिलाचं कपलिंग करा आणि गाडी फक्त दुसऱ्या टोकाला जोडा.

दिव्यांसाठी: वॉर्म व्हाइट एलईडी, १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर. बॉडी आतून काळी रंगवा, नाहीतर पातळ रेझिनमधून अख्खं नाक कंदिलासारखं उजळतं. छतावरचा पिवळा फ्लॅशर डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) डिकोडरच्या वेगळ्या फंक्शनवर ठेवा आणि तो नेहमी चालू ठेवू नका. तो धोक्याची सूचना देण्यासाठी असतो.

१९. सगळं बिघडलं. रंग पूर्ण काढून पुन्हा सुरू करता येईल का, बॉडी न बिघडवता?

रंगावर अवलंबून आहे. अ‍ॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासलं की सुटतो. डेटॉलमध्ये रात्रभर ठेवलं तरी सुटतो. पण डेटॉलमधून काढून थेट नळाखाली धरू नका, रंगाचा चिकट लगदा होऊन पुन्हा बॉडीलाच बसतो. आधी ताज्या डेटॉलने घासून काढा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला.

ड्युको किंवा लॅकर अशाने निघत नाही. एनसी थिनरने निघतो, पण थिनरने काही रेझिन आणि बहुतेक थ्रीडी प्रिंट मऊ पडतात. त्यापेक्षा ओल्या ६०० च्या पेपरने उंचवटे सपाट करून वरून नवा प्रायमर मारलेला बरा. त्यात रिव्हेटचा थोडा तपशील जातो.

सायनोने चिकटवलेले भाग अल्कोहोलमध्ये फार वेळ राहिले तर सुटू शकतात. बुडवण्याआधी काय कुठे होतं याचे फोटो काढा, आणि धुतलेलं पाणी ओतताना चहाची गाळणी लावा. वायपर गटारात गेला की परत मिळत नाही.